भावनिक स्वास्थ्याची प्रश्नावली आणि पालकांचा हक्क: वाद कुठून आला

अमेरिकेतल्या शाळांमध्ये मुलांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या भावनिक स्वास्थ्याच्या प्रश्नावल्यांवरून वाद सुरू झाला की दोन केंद्रीय कायद्यांची नावं हमखास येतात: फर्पा (FERPA, शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा) आणि पीपीआरए (PPRA, विद्यार्थ्यांच्या हक्कांच्या संरक्षणाची दुरुस्ती). आणि हमखास त्यांची गल्लतही होते. पीपीआरए प्रश्नांविषयी बोलतो, फर्पा शाळेने ठेवलेल्या कागदांविषयी. मुलाने दिलेलं उत्तर नेमकं कुणाचं, यावर दोन्ही कायदे थेट काही बोलत नाहीत. आजची बरीचशी ओढाताण त्या रिकाम्या जागेत चालली आहे.

हा इतिहास सांगणारे बहुधा १९७४ पासून सुरू करतात. मला १९७३ चा एक निकाल जास्त महत्त्वाचा वाटतो. पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाउनमध्ये आठवीतली कुठली मुलं पुढे अमली पदार्थांकडे वळू शकतील ते आधीच हेरायचं, अशी एक योजना आखली गेली. तू लहान असताना आईवडील तुला जवळ घेऊन पापे घेत असत का, असं प्रश्नावलीत विचारलं होतं. वर्गात विचित्र कोण वागतं, तेही नावानिशी सांगायचं होतं. पालकांना पत्र जाणार, आणि नकार आला नाही तर होकार धरणार, असा मूळ बेत होता. एक आई कोर्टात गेली तेव्हा लेखी संमतीची अट आली आणि मुलांना कोरा कागद परत द्यायची मुभा मिळाली.

न्यायाधीशांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. पालकांना पाठवलेलं पत्र म्हणजे माल खपवण्याचा प्रकार आहे, योजनेच्या धोक्यांबद्दल त्यात चकार शब्द नाही, असं त्यांचं मत पडलं. जमवलेली माहिती उद्या कोर्टाच्या समन्सने बाहेर पडू शकते, आणि कोरा कागद देणारं मूलच वर्गात सगळ्यांच्या नजरेत भरेल, हेही त्यांनी पाहिलं. योजना थांबली. निकालात आणखी एक निरीक्षण आहे: मुलांना संमती देण्याची संधीच नव्हती, मिळाली ती फक्त नकाराची. पुढच्या कायद्यांमध्ये हे निरीक्षण उतरलं नाही. तिथे संमती पालकांची. अल्पवयीन मुलाची वेगळी संमती कुणी मागितली नाही.

१९७४ मध्ये फर्पा आला, १९७८ मध्ये मानसशास्त्रीय चाचण्यांबद्दलची दुरुस्ती, म्हणजेच आजच्या पीपीआरएचं मूळ रूप. सात विषय ठरले: राजकीय कल, मानसिक अडचणी, लैंगिक वर्तन, बेकायदा वर्तन, घरच्यांविषयीची मतं, वकील-डॉक्टरांशी असलेलं विश्वासाचं नातं, उत्पन्न. धर्म आठवा, तो बराच नंतर आला. अंमलबजावणीचे नियम मात्र १९८४ पर्यंत रखडले. त्यांतली चाचणीची व्याख्या वाचण्यासारखी आहे. प्रत्यक्ष शिकवण्याशी थेट संबंध नसलेली आणि मुलाच्या सवयी, मतं, श्रद्धा किंवा भावना काढून घेण्यासाठी आखलेली कुठलीही पद्धत, अगदी गटाने करायचा उपक्रमसुद्धा, तिच्यात बसतो. १९९४ मध्ये कायद्याचे शब्द बदलून ‘सर्वेक्षण’ आलं. नियमांतली व्याख्या तशीच मागे राहिली, आणि हरकत घेणारे पालक पुढे तिच्यावरच बोट ठेवू लागले.

खरा गुंता संमतीचा. लेखी संमती लागते ती दोन गोष्टी जुळल्या तरच: सर्वेक्षणाला केंद्रीय शिक्षण खात्याचा पैसा हवा, आणि ते मुलांवर बंधनकारक हवं. २००२ च्या दुरुस्तीने बाकीच्या सर्वेक्षणांसाठी दुसरा रस्ता काढला. आठांपैकी एखाद्या विषयाला ती हात घालत असतील, तर शाळेने पालकांना आधी कळवायचं आणि नको असेल त्यांनी मुलाचं नाव काढून घ्यायचं. म्हणजे मौनं संमतिलक्षणम्. नॉरिसटाउनचा मूळ बेत जवळपास जसाच्या तसा कायद्यात येऊन बसला, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. सर्वेक्षण करणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही. सहीचा कागद परत मागितला की प्रतिसाद घसरतो, आणि गळतात ती बऱ्याचदा ज्यांची काळजी करायला हवी तीच मुलं. पण दप्तराच्या तळाशी चुरगळलेल्या सूचनेला पालकांचा होकार म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

सही घेतली म्हणजे झालं, असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या पामडेलमध्ये सात ते दहा वर्षांच्या मुलांचं सर्वेक्षण झालं, तेव्हा पालकांनी सह्या केल्या होत्या. लहानपणी बसलेल्या मानसिक आघातांचा अभ्यास, असं पत्रात लिहिलं होतं. लैंगिक विषयावरही प्रश्न आहेत हे लिहिलं नव्हतं. २००५ मध्ये अपील न्यायालयाने पालकांचा राज्यघटनेवर आधारलेला दावा फेटाळला. न्यू जर्सीतल्या रिजवुडमध्ये १९९९ साली मुलांना १५६ प्रश्नांचा कागद दिला गेला; त्यात आत्महत्येपासून घरच्या नात्यांपर्यंत सगळं होतं. पालकांना ते ऐच्छिक असल्याचं कळवलं होतं, पण वर्गात काही मुलांना ते सक्तीचंच वाटलं. तिथेही २००५ मध्ये न्यायालय म्हणालं की सक्ती झाली असेल, पण निकाल एकत्रित आकड्यांत आले, नावं फुटली नाहीत, त्यामुळे घटनेचा भंग नाही. राज्याने मात्र त्याआधीच लेखी संमतीचा आपला वेगळा कायदा करून टाकला होता.

आणखी एका शब्दाने घोळ घातला आहे. १९७८ च्या कायद्यात ‘मुलाला किंवा कुटुंबाला अडचणीत आणू शकतील अशा मानसिक समस्या’ होतं. २००२ मध्ये अडचणीची अट गेली, ‘समस्या’ राहिली. आजच्या प्रश्नावल्या तयार करणारे म्हणतात, आम्ही समस्या मोजत नाही, स्वास्थ्य मोजतो. ‘गेल्या आठवड्यात तुला किती वेळा एकटं वाटलं?’ हा प्रश्न मग कुठे बसवायचा? प्रश्नावलीच्या नावात स्वास्थ्य घातल्याने तो आठ विषयांच्या बाहेर जातो, हे मानायला मी तयार नाही.

कागद गेले, टॅब्लेट आले आणि ‘निनावी’चा अर्थही पातळ झाला. मूल शाळेच्या खात्यातून लॉगिन करतं, उत्तराला त्याचा क्रमांक चिकटतो. असं उत्तर फार तर गोपनीय म्हणता येईल, निनावी नाही. याचा परिणाम उलटासुलटा होतो. खरोखर निनावी उत्तर आपल्या मुलाचं कुठलं, हे पालकांना कधीच पाहता येत नाही. नावाशी जोडून ठेवलेलं उत्तर फर्पानुसार शाळेची अधिकृत नोंद ठरलं, तर पालक मागू शकतात आणि ४५ दिवसांच्या आत ते दाखवावं लागतं. समुपदेशकाने फक्त स्वतःपाशी ठेवलेली टिपणं यातून सुटतात, पण तीच माहिती चार जणांच्या पडद्यावर गेली की ती सूट संपते. ‘तुझं उत्तर कुणाला कळणार नाही’ असं वर्गात सांगणाऱ्या शिक्षिकेला हे ठाऊक असतंच असं नाही.

महासाथीनंतर या प्रश्नावल्या वाढल्या आणि वाद राजकारणात शिरला. फ्लोरिडाने २०२२ मध्ये तिसरीपर्यंतच्या मुलांना अशी प्रश्नावली देण्याआधी ती पालकांना दाखवून परवानगी घेणं सक्तीचं केलं. १९९१ पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या किशोरवयीनांच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातूनही ते राज्य त्याच वर्षी बाहेर पडलं. प्रश्न पाहण्याचा पालकांचा हक्क त्यामुळे बळकट झाला. उत्तरांचं काय, ते जिथे होतं तिथेच आहे.

फर्पाचे हक्क विद्यार्थी १८ वर्षांचा झाला की पालकांकडून त्याच्याकडे येतात. तिसरीत दिलेलं उत्तर शाळेने तोवर नावानिशी ठेवलं असेल, तर ते मागून पाहण्याचा हक्क तेव्हा त्याला पहिल्यांदा मिळतो.