उतारावर ट्रॅक्टर उलटणे व त्याचा प्रतिबंध

चढउताराच्या जमिनीवर मशागत किंवा वाहतूक करताना ट्रॅक्टरचा तोल जाऊन तो बाजूला किंवा मागे उलटणे, हा शेतीतील प्राणघातक अपघातांचा एक प्रमुख प्रकार आहे. प्रतिबंधाचे उपाय दोन प्रकारचे असतात : ट्रॅक्टर उलटू नये म्हणून घ्यावयाची दक्षता, आणि तो उलटलाच तर चालक चिरडला जाऊ नये म्हणून बसविलेली संरक्षक चौकट.

स्थैर्याचे गणित : ट्रॅक्टरला चार चाके असली तरी त्याचा तोल तीन बिंदूंवर असतो. पुढचा आस (ॲक्सल) मध्यभागी एका खिळीवर झुलता बसविलेला असल्यामुळे, ती खिळी आणि मागील दोन चाकांचे जमिनीवरील टेकू मिळून एक त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून जाणारी लंबरेषा या त्रिकोणाबाहेर पडली की ट्रॅक्टर कलंडू लागतो, आणि पुढचा आस आपल्या अटकावाला टेकेपर्यंत पुढच्या चाकांचा त्याला काहीच आधार मिळत नाही. मागील चाकांतील अंतर १.४ मी. व गुरुत्वमध्याची उंची ०.८ मी. धरली, तर केवळ या दोन मापांवरून कलंडण्याचा कोन सु. ४१° येतो. हा आकडा मात्र फसवा आहे. तो सपाट व टणक पृष्ठभागावर स्थिर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा असून त्यात झुलत्या आसाचा विचार नाही. वळण, दगड, खड्डा, उचललेले अवजार आणि भुसभुशीत माती यांमुळे प्रत्यक्षातील सुरक्षित मर्यादा त्याहून पुष्कळच खाली येते. वेग दुप्पट झाला की वळणावरील केंद्रोत्सारी प्रेरणा चौपट होते. उतारावर आडवे चालताना वरच्या अंगाला वळल्यास ही प्रेरणा उताराच्या दिशेने लोटते, म्हणून तसे वळण टाळावे.

मागे उलटणे याहून झटपट घडते. मागील चाके फिरू शकली नाहीत, तर इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचा सांगाडाच आसाभोवती वर उचलू लागतो. सु. पाऊण सेकंदात तो परत न येण्याच्या स्थितीला पोहोचतो. क्लच दाबण्याचे मनात येऊन पाय हलेपर्यंत तेवढा वेळ निघून गेलेला असतो. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांना साखळीने ओंडका बांधून तो पुढे काढण्याची पद्धत याच कारणाने जीवघेणी ठरते : ओंडका चाकांना अडवतो आणि पुढची चाके हवेत जातात. ओढायचे ओझे मागील आसाला किंवा टॉपलिंकला (अवजार जोडण्याच्या वरच्या दांड्याला) बांधणेही तितकेच घातक असून ते नेहमी खालच्या ड्रॉबारलाच (ओढदांड्यालाच) जोडावे. चढ तीव्र असेल आणि मागे अवजार जोडलेले असेल, तर मागे मागे चढून तोंड पुढे ठेवून उतरणे इष्ट.

आडवी मशागत व मृद्‌संधारण : मृद्‌संधारणशास्त्र उताराला आडवी मशागत करण्यास सांगते, तर ट्रॅक्टरच्या स्थैर्याला उताराच्या दिशेने वरखाली चालणे अधिक मानवते. महाराष्ट्रात हा पेच खरा आहे. मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, १९४२ पासून समपातळी बांधबंदिस्तीची (उताराला आडवे बांध घालण्याची) परंपरा येथे रुजली, ती बैलजोडीच्या काळात. बैलांना कलंडण्याचे असे भय नव्हते. मध्यम उतारावर मात्र नांगरटीचा क्रम योग्य ठेवल्यास दोन्ही हेतू साधतात. पल्टी नांगराने (जाता-येता माती एकाच अंगाला पलटणाऱ्या नांगराने) आडवे नांगरताना एका बाजूचे चाक आधीच्या तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरीत, चालते. नांगरट खालच्या बांधाकडून सुरू केली, तर तास खालच्या अंगाला येते. ते २० सेंमी. खोल असेल, तर वर धरलेल्या मापाच्या ट्रॅक्टरला सु. ८° जादा कल मिळतो, म्हणजे १०° उतारावर तो सु. १८° कललेला असतो. तीच नांगरट वरच्या बांधाकडून सुरू केली, की वरचे चाक तासात बसून कल सु. २° उरतो आणि मातीही वरच्या अंगाला पलटते. चालकाला हे शेतावर प्रत्यक्ष दाखविणे कोणत्याही फलकापेक्षा उपयोगी आहे. याहून तीव्र उतारावर आधी मजगी किंवा पायऱ्या पाडाव्यात आणि मगच ट्रॅक्टर घालावा.

मागील चाकांतील अंतर वाढविणे, टायरमध्ये सु. तीनचतुर्थांश पाणी भरणे, पुढे वजने लावणे व अवजार शक्य तितके खाली ठेवणे यांनी स्थैर्य वाढते. द्राक्षबागेसाठी बनविलेले अरुंद ट्रॅक्टर या बाबतीत मुळातच उणे असतात.

संरक्षक चौकटीचा उगम : उलटसंरक्षक चौकट (रोप्स) प्रथम कोठे सिद्ध झाली याविषयी एकमत नाही. १९५० नंतरच्या दशकात स्वीडनमध्ये आणि अमेरिकेत डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात असे प्रयोग जवळजवळ एकाच सुमारास चालू होते. अमेरिकी लेखक डेव्हिसच्या कामाला अग्रमान देतात. तथापि नुसती चौकट बनविणे आणि तिची ताकद मोजण्याची पुन्हा पुन्हा करता येईल अशी कसोटी ठरविणे या वेगळ्या गोष्टी आहेत. लंबकाच्या आघाताची कसोटी व तिला कायद्याची जोड यांचे श्रेय स्वीडनला देणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना चौकट सक्तीची झाली आणि उलटण्यामुळे होणारे मृत्यू पुढील दशकांत अत्यल्प झाले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) चाचणी संहितेत सु. २,००० किग्रॅ. वजनाचा ठोकळा झुलवून चौकटीवर आदळतात, तसेच ट्रॅक्टरच्या वजनाच्या सु. दुप्पट भार तिच्यावर दाबतात. चौकट वाकली तरी चालते; चालकाभोवतीच्या ठरविलेल्या पोकळीत तिचा कोणताही भाग शिरता कामा नये. अमेरिकेत जॉन डिअर कंपनीने १९६६ मध्ये अशी चौकट विक्रीस आणली व पुढे तिचे एकस्व (पेटंट) इतर उत्पादकांना विनामूल्य खुले केले. तेथील संघराज्य नियम २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या ट्रॅक्टरांना लागू आहे, परंतु तो पगारी कामगारांपुरता असल्याने घरच्याच माणसांनी चालविलेली शेते त्यातून सुटतात. ब्रिटनमध्ये नव्या ट्रॅक्टरांवरील सक्ती १९७० पासूनची आहे.

चौकटीचा उपयोग आसनपट्टा बांधला तरच पुरा होतो. पट्टा नसेल तर चालक बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडू शकतो. बागेत फांद्यांसाठी चौकट खाली दुमडली असताना मात्र पट्टा बांधू नये, आणि बाहेर येताच ती उभी करावी. मडगार्डवर बसलेल्या माणसाला चौकट व पट्टा यांपैकी कशाचेच संरक्षण नसते.

भारत : भारतीय मानक ब्यूरोने चौकटीच्या चाचणीचे मानक प्रसिद्ध केले आहे. ट्रॅक्टरांची चाचणी मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत होते. वापरातील असंख्य जुन्या ट्रॅक्टरांना चौकट नाही.

वाहतूक : ट्रॅक्टरच्या ब्रेकची चाके मागची, आणि उतरणीवर भार सरकतो पुढे, त्यामुळे नेमकी तीच चाके हलकी होऊन घसरतात. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसल्याने भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलून आडवा करते. ज्या गिअरमध्ये चढ चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरावे. उतरणीवर क्लच दाबणे किंवा गाडी न्यूट्रल करणे म्हणजे इंजिनाचा अटकाव सोडून देणे होय. डावा व उजवा ब्रेक जोडणारी कडी रस्त्यावर व उतारावर लावलेलीच असावी, कारण एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागीच फिरतो. उभा करताना अवजार जमिनीवर टेकवून, गिअर टाकून, हातब्रेक लावून चाकांना उताराच्या बाजूने दगड द्यावा.

कोकणातील वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीच्या अरुंद तुकड्यांवर पॉवर टिलर (मागे चालत हाताने धरून चालवायचे मशागत यंत्र) अधिक चालतो. त्याच्यामागे चालणाऱ्याने उताराच्या खालच्या अंगाला राहू नये.