चिनी स्फटिक-कुप्या: तपकिरीचा शौक आणि आतली कारागिरी

तंबाखू चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीस फिलिपिन्समार्गे आली. ती नाकात ओढायची चटक मात्र युरोपीय पाद्र्यांनी लावली. १६८४ साली कांग्शी सम्राट नानजिंगला गेला असता जेझुइट या ख्रिस्ती पंथाच्या पाद्र्यांनी नजराणे पुढे केले. त्याने म्हणे तपकीर तेवढी ठेवून घेतली आणि बाकी सगळं परत केलं. दरबाराने धन्याचा कल ओळखला. त्यात तपकीर डोकेदुखी-पडशावर गुणकारी मानली जाई, त्यामुळे शौकाला औषधाचं निमित्तही होतं.

युरोपातली झाकणाची डबी (आपल्या आजोबांच्या कनवटीला असे, साधारण तशीच) तिथल्या दमट हवेत निरुपयोगी ठरली, तपकीर सादळायची. म्हणून औषधाच्या इवल्या बाटलीचा घाट उचलला गेला: अरुंद तोंड, घट्ट बूच आणि बुचाला खालून जोडलेला चिमुकला चमचा. १६९६ मध्ये किलियान श्टुम्फ या जर्मन जेझुइटाच्या हाताखाली राजवाड्याची काचशाळा सुरू झाली. काचेसोबत जेड, अकीक, स्फटिक (काचेसारखा पारदर्शक क्वार्ट्झ दगड) यांच्याही तपकिरीच्या कुप्या घडू लागल्या.

स्फटिकाचं काम सर्वांत किचकट. खनिजांच्या १ ते १० या मोज मापनात त्याचं काठिण्य ७; नुसतं पोलाद त्यावर चालत नाही. कुरुंदासारख्या कठीण खनिजाची ओली पूड हत्याराखाली घालून तो झिजवावा लागतो. आधी पोकळ गिरमिटाने उभं भोक पाडायचं, मग वाकड्या हत्यारांनी त्या बोटभरही नसलेल्या तोंडातून आतले खांदे पोखरायचे, तेही डोळ्यांना धड दिसत नसताना. अकीकात आतला ओबडधोबडपणा लपून जातो, स्फटिकात नाही. म्हणून जाणकार बाहेरच्या नक्षीआधी आतली पोकळी बाहेरच्या आकाराला धरून आहे का, ते बघतात. माझ्या मते खरी कसोटी तीच. दगडातला दोषही वाया जात नसे: रुटाइल या खनिजाच्या केसासारख्या सुया असलेल्या स्फटिकाला उलट मागणी होती.

एकोणिसाव्या शतकात याच पारदर्शकपणाचा वेगळा उपयोग सापडला. कुपीची आतली बाजू घासून खरखरीत करायची आणि वाकड्या लेखणीने आतूनच चित्र काढायचं. शतकाच्या शेवटच्या दशकांत बीजिंगच्या झोउ लयुआनने या कलेत मोठं नाव कमावलं. अशी कुपी रोज वापरली, तर चमच्याने चित्र खरवडलं जायचं. हळूहळू ती वापरण्यापेक्षा बघण्याचीच वस्तू झाली.

स्फटिकाच्या बहुतेक कुप्यांवर सम्राटाच्या कारकिर्दीची मुद्रा नसते, त्यामुळे त्यांचा काळ घाट आणि घडण पाहूनच ठरवतात. काचेच्या नकलाही भरपूर आहेत. आत गोल बुडबुडे दिसले, तर ती काच. स्फटिक हाताला तिच्याहून गारही लागतो.