आयकर रिटर्न स्वतः भरायचे, की आमच्याकडे द्यायचे?

जून उजाडला की आमच्या सीए ऑफिसात फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमची फी किती?" त्याआधीचा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही, तो म्हणजे आपल्याला कोणाकडे जायची गरज तरी आहे का? बऱ्याच जणांना ती नसते. उत्पन्न किती आहे यापेक्षा ते कुठून येते, यावर हे ठरते.

नोकरदार, एक घर, थोडे व्याज

पगार, स्वतःचे राहते घर, बचत खात्याचे आणि एफडीचे व्याज, एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत. असे असेल तर तुमचा फॉर्म आयटीआर-१, म्हणजे 'सहज'. शेअर किंवा इक्विटी म्युच्युअल फंडाचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफाही आता त्यात दाखवता येतो. आयकर विभागाच्या पोर्टलवर हा फॉर्म बराचसा भरून आलेला असतो आणि तिथे पैसे पडत नाहीत. खुशाल स्वतः भरा.

फक्त भरून आलेला आकडा बरोबरच असेल असे धरून चालू नका. फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेला कर) आणि एआयएस (तुमच्या उत्पन्नाची, व्यवहारांची विभागाकडची नोंद) शेजारी ठेवून जुळवा. जुन्या एफडीचे व्याज एआयएसमध्ये असते आणि खातेदाराच्या लक्षात नसते, हे दरवर्षीचेच आहे. घरभाडे भत्ता किंवा गृहकर्जामुळे जुनी करप्रणाली परवडत असेल, तर कंपनीला 'नवी' सांगितलेली असली तरी रिटर्न भरताना नोकरदाराला बदलता येते. मात्र मुदतीत. मुदत उलटली की नवीच गळ्यात पडते, वर पाच हजारांपर्यंत विलंब शुल्क.

"बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?" असेही विचारले जाते. ती करातली सवलत आहे. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत उत्पन्न चार लाखांच्या वर गेले की रिटर्न भरायचेच, कर शून्य आला तरी.

हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांनी इथे थांबावे

कंपनीने परदेशातल्या मूळ कंपनीचे शेअर दिले आहेत? मग 'सहज' विसरा, आयटीआर-२ लागतो. शेअर विकले नसले तरी ते परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावे लागतात, आणि तो तक्ता एप्रिल-मार्चचा नसून जानेवारी-डिसेंबरचा असतो. लाभांशावर अमेरिकेत कर कापला गेला असेल, तर त्याचे श्रेय मिळवायला फॉर्म ६७ वेगळा. घोळ नेमका इथे होतो. पहिल्या वर्षी तरी जाणकाराकडून करून घ्या, पुढे तोच नमुना ठेवून स्वतः भरता येईल.

शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्यांचे उत्पन्न धंद्याचे धरले जाते. त्यांना सहसा आयटीआर-३. तोटा झाला म्हणून गप्प बसू नका. मुदतीत दाखवला तरच तो पुढच्या वर्षांत वळता होतो.

दुकान, दवाखाना, सल्ला-व्यवसाय

तपकीर गल्लीतले छोटे दुकान असो की घरून काम करणारा आर्किटेक्ट, अंदाजित नफ्याची योजना घेतली तर आयटीआर-४ पुरतो. दुकानदाराने रोखीच्या विक्रीवर किमान आठ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा दाखवायचा, आर्किटेक्टसारख्या व्यावसायिकाने जमेच्या निम्मा. त्याहून कमी दाखवायचा असेल तर हिशेबाची वही आणि बहुधा ऑडिटही आले. मग आमच्याकडे नाही तरी कोणत्या तरी सीएकडे जाच.

ज्येष्ठ नागरिक

ऐंशी पूर्ण झालेल्यांना आयटीआर-१ किंवा ४ अजूनही कागदावर देता येतो. पंचाहत्तरीनंतर रिटर्नच नको, हे मात्र अर्धे खरे. पेन्शन आणि व्याज त्याच एका बँकेतून येत असेल आणि बँकेला तसे लिहून दिले असेल, तरच ती सवलत. पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत आणि एफडी पेठेतल्या सहकारी बँकेत, हा आपल्याकडचा नेहमीचा थाट त्यात बसत नाही.

खासगी वेबसाइट आणि 'रिफंड काढून देतो' वाले

ब्रोकरचे स्टेटमेंट थेट उचलणाऱ्या वेबसाइट शेअरचे व्यवहार खूप असतील तर सोयीच्या आहेत. फॉर्म कोणता हे त्या सुचवतात, तपासायचे तुम्हीच. रिफंडच्या टक्क्यांवर फी मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. न दिलेली देणगी वजावटीत दाखवून तो मोकळा होतो. पकडले गेल्यावर कर, व्याज आणि कराच्या दुप्पट दंड तुमच्या पॅनवर येतो.

कोणाकडूनही भरून घ्या, आमच्याकडूनसुद्धा, पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच ठेवा. सदोष रिटर्नच्या नोटिशीला उत्तर द्यायला पंधरा दिवस मिळतात आणि ती सल्लागाराच्या जुन्या ईमेलवर पडून राहते. रिटर्न पाठवल्यावर तीस दिवसांत आधार ओटीपीने किंवा नेटबँकिंगने ई-व्हेरिफाय करा, नाहीतर ते वेळेत भरले असे धरत नाहीत.

आमच्याकडे येणार असाल तर फॉर्म १६, सगळ्या बँकांची पासबुके (बंद केलेल्या खात्याचेही) आणि ब्रोकरचा नफा-तोट्याचा अहवाल आणा. फॉर्म १६ कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. तो मिळाला की या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टलही दमते आणि आम्हीही.