बालेकिल्ला

बालेकिल्ला : मोठ्या किल्ल्याच्या आत, बहुधा सर्वांत उंच जागी बांधलेला स्वतंत्र तटबंदीचा किल्ला. शब्दाची प्रचलित फोड फार्सी ‘बाला’ (वरचा) व मूळ अरबी ‘किल्ला’ अशी आहे. ‘बाल’ म्हणजे लहान, म्हणून ‘लहान किल्ला’, अशी फोड वरवर पटण्याजोगी आहे. बालेकिल्ला आकाराने लहान असतोही. तथापि काबूल, पेशावर व गोवळकोंडा येथील ‘बाला हिसार’ आणि अलवरचा ‘बाला किला’ ही नावे पाहता फार्सी व्युत्पत्तीच अधिक ग्राह्य वाटते.

इंग्रजी ‘सिटॅडेल’ला मराठीत हाच प्रतिशब्द रूढ आहे, पण दोन्ही वास्तूंचे प्रयोजन सर्वस्वी एक नाही. ‘सिटॅडेल’चे मूळ इटालियन ‘चित्तादेल्ला’ (छोटे शहर) हे होय. यूरोपात ती शहराला लागून उभी राही, आणि तिचा धाक बाहेरच्या शत्रूइतकाच शहरातील रहिवाशांनाही असे. स्पॅनिश राजवटीने १५६७च्या सुमारास अँटवर्प येथे बांधलेली सिटॅडेल हे त्याचे ठळक उदाहरण. सह्याद्रीतील बालेकिल्ल्यामागे असा नागरी हेतू सहसा दिसत नाही. खालचा तट पडला तरी वरून झुंज चालू ठेवता यावी, हाच त्याचा मुख्य उपयोग.

राजगड हा याचा उत्तम नमुना. शिवाजी महाराजांनी साधारणतः १६४६–४८च्या दरम्यान मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढला, असे मानले जाते. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्यांच्या (डोंगराच्या तटबंद सपाट सोंडांच्या) मधोमध बालेकिल्ल्याचा कातळ उभा आहे. वाट अरुंद व खड्या चढाची. खोदीव पायऱ्यांवर हातापायांचा आधार घेतच वर जावे लागते आणि चढणारा सतत वरच्या बुरुजांच्या माऱ्यात राहतो. महादरवाजातून आत गेल्यावर जननीचे मंदिर, चंद्रतळे व वाड्यांची जोती आढळतात. पाण्याची ही सोय निर्णायक होय; तिच्याविना अशी जागा फार काळ लढवता येत नाही. अफजलखानाचे शिर याच दरवाजापाशी पुरल्याचे परंपरा सांगते.

डोंगराची उंची ही मात्र अटळ अट नव्हे. जंजिऱ्यासारख्या जलदुर्गातही मधल्या उंचवट्याला बालेकिल्लाच म्हणतात.

राजकीय पक्षाचा हुकमी मतदारसंघ या अर्थाने हा शब्द वृत्तपत्रांत रूढ आहे.