‘सगळे दहशतवादी मुसलमानच’ हे खरं आहे का?

‘सगळे मुसलमान दहशतवादी नसतात, पण सगळे दहशतवादी मुसलमानच असतात’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही. गडचिरोलीत भूसुरुंग पेरणारे माओवादी कुठल्याच धर्मासाठी लढत नव्हते. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला, तो एका जपानी पंथाच्या लोकांनी. केंद्र सरकारने बंदी घातलेल्या दहशतवादी संघटनांची यादी इंटरनेटवर आहे, स्वतः उघडून बघा. इस्लामी नावं आहेतच. सोबत खलिस्तानी, माओवादी आणि ईशान्येकडच्या संघटनाही आहेत.

शिवाय २०११ च्या जनगणनेत देशात १७ कोटींहून जास्त मुसलमान होते. त्या यादीवरून शेजारच्या कुटुंबाबद्दल काहीच कळत नाही. तरी घर भाड्याने नाकारताना हेच वाक्य पुढे केलं जातं, याचं फार वाईट वाटतं.