‘कॅशे क्लिअर करून बघा’: नेट बँकिंगच्या या सल्ल्यामागे काय आहे

महिन्याची १५ तारीख. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याचा अकाउंटंट दुपारी पीएफचं चलन भरायला बसतो आणि नेट बँकिंग त्याला आतच घेत नाही. युजर आयडी बरोबर, पासवर्ड बरोबर, तरी पान फिरून पुन्हा लॉगिनवरच येतं. शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मात्र तीच साइट व्यवस्थित चालते. हेल्पलाइनला फोन लावला की उत्तर ठरलेलं असतं: कॅशे आणि कुकीज क्लिअर करा आणि परत लॉगिन करा. पुष्कळदा त्याने काम होतंही. मात्र ते का होतं, हे कुणी सांगत नाही. त्यामुळे घरी मोबाइलवर पेन्शन बघणारे नाशिकरोडचे निवृत्त प्रेस कामगार समोर दिसेल त्या सगळ्या चौकोनांवर टिक करतात. बँक सुरू होते, पण बाकी सगळीकडून लॉगआउट झालेलं असतं आणि सेव्ह केलेले पासवर्डही गेलेले असतात. हा त्रास टाळता येण्यासारखा आहे. त्यासाठी कॅशे आणि कुकीज या दोन वेगळ्या गोष्टी एकाच बटणाखाली कशा आल्या, हे पाहायला हवं.

कॅशेची कल्पना इंटरनेटपेक्षा बरीच जुनी. केंब्रिजचे संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका छोट्या निबंधात ती मांडली. मोठी मेमरी संथ असते, तर तिच्याशेजारी एक छोटी, जलद मेमरी ठेवावी आणि नुकतीच लागलेली माहिती तिच्यात राहू द्यावी. आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकात ती प्रत्यक्ष विक्रीसाठी आली. वेब आल्यावर ब्राउझरांनी हीच युक्ती उचलली. एकदा उतरवलेलं चित्र स्वतःच्या डिस्कवर ठेवायचं आणि पुढच्या वेळी तिथूनच दाखवायचं.

त्या काळी याची गरज किती होती, हे फोनच्या लाइनवर इंटरनेट वापरलेल्यांना आठवत असेल. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे ५६ केबीपीएसचे मोडेम आले. त्यांच्या पूर्ण वेगानेही शंभर केबीचं एक चित्र उतरायला चौदा-पंधरा सेकंद लागायचे, आणि तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला असायचा. बँकेचा लोगो रोज नव्याने मागवणं कुणालाच परवडलं नसतं.

कुकीचा उगम वेगळा. ब्राउझर आणि सर्व्हर (साइट जिथून येते तो कॉम्प्युटर) यांच्यातला संवाद मुळात विसराळू आहे. प्रत्येक पान मागताना सर्व्हरला समोरचा माणूस नवाच वाटतो. ऑनलाइन दुकानातली खरेदीची यादी किंवा लॉगिन अशाने टिकणार कसं? नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये यावर कुकी काढली. बँकेत चेक दिल्यावर काउंटरवरून पितळी टोकन मिळायचं आणि पैसे घेताना ते दाखवावं लागायचं, तसंच हे आहे. सर्व्हर ब्राउझरला एक क्रमांक देतो आणि ब्राउझर प्रत्येक वेळी तो परत दाखवतो. लॉगिनवरून पुन्हा लॉगिनवर फेकलं जाणं हा बहुधा या टोकनाचा घोळ असतो. ब्राउझर मुदत संपलेला क्रमांक दाखवत राहतो, सर्व्हरला तो ओळखता येत नाही, आणि गिऱ्हाईक दारातच फिरत राहतं. अशा वेळी चित्रांचा आणि फाइलींचा कॅशे कितीही पुसला तरी फरक पडत नाही. पुसायला हवी ती कुकी.

जुन्या कॅशेमुळे होणारी अडचण निराळी दिसते. पान उघडतं, पण बटण दाबलं तरी काही घडत नाही, ओटीपीचा रकाना येत नाही, किंवा मांडणी विस्कटलेली दिसते. बँकेने रात्रीतून साइट बदललेली असते. पान नवं येतं, पण ते चालवणारी स्क्रिप्ट ब्राउझर स्वतःकडची जुनी काढतो आणि दोघांचं जुळत नाही.

ब्राउझर जुनी फाइल किती दिवस धरून बसतो, याचे नियम १९९६-९७ मध्ये लिहिले गेले. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या संवादाच्या नियमांना एचटीटीपी म्हणतात. मे १९९६ च्या एचटीटीपी १.० मध्ये फाइलीची मुदत सांगायची सोय होती. जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये कॅशे-कंट्रोल आला आणि त्यात ‘नो-स्टोअर’ ही सूचना. ती दिली की ब्राउझरने पान साठवायचंच नाही. खात्याची शिल्लक दाखवणाऱ्या पानांसाठी अशी सूचना देणं हा आज बँकांच्या साइटचा नेहमीचा शिरस्ता आहे. स्टेटमेंट पाहून बॅक बटण दाबल्यावर ‘सेशन एक्सपायर्ड’ येतं, तेही याच सावधपणातून. ब्राउझरला वेगासाठी लक्षात ठेवायचं असतं आणि बँकेला सुरक्षिततेसाठी विसरायला लावायचं असतं. नेट बँकिंगमधल्या बऱ्याच कटकटी या ओढाताणीतूनच येतात.

खरी मेख मात्र सर्व्हरने मुदत सांगितलीच नाही तर काय, या प्रश्नात आहे. तेव्हा ब्राउझरला अंदाज करायची मुभा असते. फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला, त्याच्या साधारण दहा टक्के काळ ती ताजी समजावी, असा प्रघात या नियमांतच नोंदवलेला आहे. म्हणजे शंभर दिवस न बदललेली स्क्रिप्ट ब्राउझर पुढचे दहा दिवस न विचारता वापरू शकतो. ती ज्याच्याकडे काल उतरली त्याला अजून जुनीच दिसते आणि ज्याने आज पहिल्यांदा साइट उघडली त्याला नवी मिळते. शेजारच्या टेबलावर साइट चालते आणि आपल्याकडे नाही, याचं कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. त्यात अकाउंटंटचा काही दोष नसतो. बँकेने प्रत्येक बदलाबरोबर फाइलीचं नाव बदललं, तर ब्राउझर ती नवी फाइल म्हणून मागवतो आणि हा प्रश्नच उरत नाही. ही पद्धत वेब बनवणाऱ्यांना चांगली माहीत आहे. जी साइट ती पाळत नाही, तिचा भार हेल्पलाइनवर आणि तिथून ग्राहकावर येतो, आणि मला हे अजिबात योग्य वाटत नाही.

आता ते बटण. नेटस्केपच्या सेटिंगमध्ये कॅशे रिकामा करायची स्वतंत्र बटणं होती. पुढे सायबर कॅफेंचे दिवस आले. कॉलेज रोडवर तासाच्या हिशेबाने मिळणाऱ्या कॉम्प्युटरवर निकाल, मेल, बँक सगळंच पाहिलं जायचं, आणि उठताना मागे काही राहू नये ही काळजी रास्त होती. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या फायरफॉक्स १.५ ने खासगी माहिती एका फटक्यात पुसायची सोय दिली. २००६ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ मध्येही इतिहास, कुकीज, पासवर्ड आणि साठवलेल्या फाइली पुसायला एकच खिडकी आली. म्हणजे ही खिडकी मुळात खुणा मिटवण्यासाठी होती. दुरुस्तीचं हत्यार ती नंतर झाली, आणि म्हणूनच तिच्यात पासवर्डचा चौकोनही शेजारीच आहे. साइट दुरुस्त करायला त्याला हात लावायची गरज नसते.

याच काळात आपल्याकडे नेट बँकिंग रुजत होतं. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि जून २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगची मार्गदर्शक तत्त्वं दिली. ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर यांच्यात किमान १२८ बिटांचं एसएसएल, म्हणजे माहिती गुप्त ठेवणारं कूटलेखन, हवं, ही शिफारस त्यात आहे. खात्यातून खात्यात पैसे पाठवायच्या सोयींपैकी आरटीजीएस २००४ मध्ये आणि एनईएफटी २००५ मध्ये सुरू झालं. ज्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात, तिथेच नोव्हेंबर २०१६ नंतर नोटांचा तुटवडा जाणवला. लासलगावच्या बाजारात कांद्याचे पैसे चेकने आणि खात्यावर घ्यायची वेळ शेतकऱ्यांवर आली. एरवी बँकेच्या साइटकडे न फिरकणारी माणसं तेव्हा लॉगिन करू लागली.

मग पत्ते बदलू लागले. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक बँक ऑफ बडोद्यात विलीन झाल्या. वर्षभराने आणखी सहा सरकारी बँका चार मोठ्या बँकांत गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा राखीव पत्ता जाहीर केला आणि पुढे तिथे जायला ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. फसव्या साइट ओळखायला ही फार मोलाची सोय आहे. पण प्रत्येक पत्ताबदलात बुकमार्क, कुकीज आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेली जुनी वळणं (एका पत्त्यावरून आपोआप दुसऱ्यावर नेणाऱ्या सूचना) मागे राहतात. सर्व्हरने एखादं वळण ‘कायमचं’ म्हणून सांगितलं असेल, तर ब्राउझर ते साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच वाटेने नेतो. अशा वेळी जुना बुकमार्क काढून नवा पत्ता स्वतः टाइप करणं बरं. तो पत्ता पासबुकावरून किंवा शाखेतून घ्यावा, फोन करून ‘कॅशे क्लिअर करायला मदत करतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडून कधीही नाही. कॅशे पुसायला ओटीपी लागत नाही आणि स्क्रीन शेअर करणारं कुठलं ॲपही लागत नाही.

तर अंबडच्या त्या अकाउंटंटने आधी इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या खासगी, खिडकीत साइट उघडून पाहावी. तिथे जुन्या कुकीज आणि जुना कॅशे वापरला जात नाही. तिथे चालली तर दोष साठवणुकीत आहे हे जवळपास नक्की. मग क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर जाऊन फक्त त्या बँकेचा साइट डेटा पुसावा आणि कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान नव्याने मागवावं. बाकीची लॉगिनं जागच्या जागी राहतात. इनकॉग्निटोतही अडलं तर कॉम्प्युटरची तारीख-वेळ तपासावी, कारण ती चुकली की सुरक्षा प्रमाणपत्र मुदतबाह्य ठरतं आणि कॅशे पुसून ते सुधारत नाही. तारीखही बरोबर असेल तर अडचण बहुधा बँकेच्या बाजूची किंवा खातं लॉक झाल्याची. हेल्पलाइनला हे सगळं करून झाल्याचं सांगावं आणि तक्रार क्रमांक मागून घ्यावा.