प्राण्यांच्या शरीराची मांडणी

प्राणी कोणाला म्हणायचं हे वाटतं तेवढं सोपं नाहीये. चालतो फिरतो तो प्राणी असं म्हटलं तर मोठा झालेला स्पंज आयुष्यभर दगडाला चिकटून बसतो, त्याचं काय? म्हणून बघायचं ते पेशींकडे. प्राणी बहुपेशीय असतात, पेशींना वनस्पतींसारखी भित्तिका नसते, आणि अन्न स्वतः तयार करता येत नाही त्यामुळे दुसऱ्याला खाऊनच जगावं लागतं.

स्पंजमध्ये पेशी आहेत पण खऱ्या अर्थाने ऊती नाहीत. शरीरभर छिद्रं, त्यातून पाणी आत घ्यायचं, अन्नकण गाळायचे, पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या तर त्या परत एकत्र येऊन नवा स्पंज तयार झाला! आपल्याला हे जमणार नाही.

पुढची पायरी हायड्रा आणि जेलीफिशची. गर्भात पेशींचे दोन थर, बाह्यस्तर आणि अंतःस्तर, मध्ये जेलीसारखा पदार्थ. शरीर गोल, मधून कुठूनही उभं कापा साधारण सारखेच भाग पडतात, हीच अरीय सममिती. तोंड एकच, खायचं तिथूनच आणि टाकायचंही तिथूनच. (पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर येणारी ब्लूबॉटल याच कुळातली, पण तो एक प्राणी नसून अनेक छोट्या जीवांची वसाहत असते, चावली की मात्र एकच वाटते.)

तिसरा थर म्हणजे मध्यस्तर आला आणि खरी मजा सुरू झाली, कारण स्नायू, रक्ताभिसरण वगैरे यातूनच बनतं. शरीराला डावं उजवं आलं, पुढचं टोक ठरलं, आणि जे टोक आधी पुढे जातं तिकडेच डोळे, मेंदू गोळा झाले. चपट्या कृमींना आत पोकळी म्हणजे देहगुहा नाही, रक्तही नाही, ऑक्सिजन कातडीतूनच आत झिरपतो, म्हणून ते चपटे राहिले, जाड झाले असते तर आतल्या पेशी गुदमरल्या असत्या.

देहगुहा म्हणजे आतडं आणि शरीराची भिंत यांच्यामधली पोकळी. परीक्षेत व्याख्या पाठ करून सोडून देतात पण गांडूळ बघितलं की कळतं तिचा उपयोग काय. त्याला हाडं नाहीत, पण शंभरेक खंडांमध्ये पडदे आणि प्रत्येकात द्रव भरलेला, द्रव दाबून कमी होत नाही, त्यामुळे गोल स्नायू आवळले की तो खंड लांब होतो, उभे स्नायू आवळले की आखूड जाड होतो, आणि पडद्यांमुळे पुढचा भाग ताणलेला असताना मागचा आखडलेला राहू शकतो. असं करत करत ते मातीत घुसतं. गोलकृमीत ही पोकळी अर्धवट, मध्यस्तराचं अस्तर फक्त बाहेरच्या बाजूला, म्हणून आभासी म्हणतात.

झुरळाचं वेगळंच. त्याच्यात रक्तवाहिन्यांचं जाळं नाही, रक्त मोकळ्या पोकळीत खेळतं आणि हवा बारीक नळ्यांतून थेट पेशींपर्यंत जाते, त्यामुळे श्वासाला डोकं लागत नाही, ते उडवलं तरी झुरळ काही दिवस जगतं.

तारामासा मात्र सगळ्यांना फसवतो. मोठेपणी पाच हातांचा, अरीय, पण त्याची अळी बघा, डावी उजवी बाजू असलेली. आणि गर्भात आधी पडणाऱ्या छिद्राच्या जागी त्याचं गुदद्वार बनतं, तोंड नंतर दुसरीकडे. आपलंही तसंच, म्हणून नात्याने तारामासा आपल्याला झुरळापेक्षा जवळचा.